सरांचा पूर्वपक्ष

पहिल्याच दिवशी सरांनी आम्हाला घरी जायला सांगितलं.

धुळ्याच्या देवपूर भागातल्या आमच्या कॉलेजात एम.ए. इंग्रजीचा तो पहिला तास. ऐंशीच्या दशकाची मधली वर्षं. आम्ही दहा-बारा जण, बहुतेक खेड्यांतले, कोऱ्या वह्या घेऊन बसलो होतो. काळा कोट घातलेला एक उंच, किडकिडीत माणूस आत आला. बाहेर असा उकाडा की भिंतीला पाठ टेकवत नव्हती, आणि ह्यांच्या कोटाची सगळी बटणं लावलेली. त्यांनी हजेरी घेतली नाही, स्वतःचं नाव सांगितलं नाही. खिडकीशी उभं राहून ते तासभर एकच गोष्ट पटवत राहिले, की युरोपातल्या प्रबोधनकाळाचं साहित्य खानदेशातल्या मुलांनी शिकणं हा निव्वळ वेडेपणा आहे. ते कवी तुमचे नाहीत, त्यांची भाषा तुमची नाही, त्यांचा देव तुमचा नाही, त्यांच्या कवितांमधला हिवाळा तुमच्या वाट्याला कधी येणार नाही. दोन वर्षं इथं घालवलीत तर ना घरच्या कामाचे राहाल, ना बाहेरच्या. बोलणं इतकं चोख होतं की मी कोरी वही परत पिशवीत घातली. तास संपला. "निघा," म्हणाले, आणि स्वतःच निघून गेले.

दुसऱ्या दिवशी ते त्याच खिडकीशी उभे राहिले आणि आदल्या दिवशीचं आपलंच सगळं बोलणं त्यांनी एकेक करून खोडून काढलं. पण ते ऐकायला तीन मुलं वर्गात नव्हतीच. एकजण तर संध्याकाळच्या गाडीनं शिरपूरला घरी जाऊन वडिलांच्या दुकानात बसायलाही लागला होता. आम्ही घाबरत घाबरत हे सरांच्या कानावर घातलं. वाटलं, त्यांना चुटपुट लागेल, निरोप पाठवून मुलांना बोलावून घेतील. सर म्हणाले, "त्या तिघांनी माझं नीट ऐकलं. तुम्ही का थांबलात, ते मला अजून कळलेलं नाही."

हा माणूस वेडा आहे की काय, असं मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं. पुढे बरेचदा वाटलं.

सरांची एक पद्धत होती. कशावरही बोलायचं तर आधी विरुद्ध बाजू मांडायची. नुसती मांडायची नाही, विरोधकाला स्वतःला साधली नसती इतकी चांगली मांडायची. मग तिला उत्तर द्यायचं. उत्तर नाही सापडलं तर गुमान ती बाजू मान्य करायची. आपले जुने शास्त्री या पहिल्या भागाला पूर्वपक्ष म्हणायचे आणि सरही तोच शब्द वापरायचे. "त्या इंग्रज कवींना लहानपणी शाळेत हेच शिकवलं होतं," ते सांगायचे. "लॅटिन, आणि दोन्ही बाजूंनी बोलणं. बाकी सगळं त्यांनी त्यातून काढलं." सरांना स्वतःला हे शास्त्र्यांकडून मिळालं नव्हतं. ते मिळालं होतं पाद्र्यांकडून.

सर मूळचे भुसावळचे. वडील रेल्वेत फिटर, घर कॅथलिक. मुलानं पाद्री व्हावं ही आईची इच्छा, म्हणून शाळकरी वयातच त्यांना दूर दक्षिणेत सेमिनरीत, म्हणजे पाद्री घडवणाऱ्या शाळेत ठेवलं होतं. तिथं एक म्हातारे गोरे फादर जुन्या पद्धतीनं लॅटिन शिकवायचे आणि दर शनिवारी वादसभा भरवायचे. त्यात एका मुलानं उभं राहून देव नाही असं सिद्ध करायचं. फादर बहुतेक वेळा सरांनाच उभं करत.

हे ऐकून आम्ही गार झालो. आमच्या घरी देवाला नुसतं नाव ठेवलं तरी आजी तोंडावर हात ठेवायला लावायची. एकानं विचारलं, "सर, देव नाही, असं पाद्र्यांसमोर?"

"पाद्र्यांसमोरच. देवाविरुद्ध बोलायला मला देवाच्या माणसांनीच शिकवलं. बोलणं कच्चं झालं की रात्रीचं जेवण बंद."

शेवटच्या वर्षी सरांनी असा पूर्वपक्ष केला की म्हातारे फादर उत्तर द्यायला उठले आणि तसेच खाली बसले. मग म्हणाले, याला उत्तर आहे, पण तुझ्याइतकं चांगलं मला ते मांडता येत नाही. त्याच आठवड्यात सर सेमिनरी सोडून भुसावळला परत आले. त्यांची श्रद्धा उडाली म्हणून आले, अशी आमची समजूत झाली. तसंही नव्हतं. धुळ्याच्या चर्चमध्ये दर रविवारी सर त्याच काळ्या कोटात शेवटच्या बाकावर बसलेले असत. मग सोडलं कशाला, असं विचारल्यावर म्हणाले, "ज्यानं मला बोलायला शिकवलं त्याला मी सगळ्यांसमोर गप्प केलं. त्यानंतर तिथं मला घास गेला नाही."

अशा माणसाचा व्यवहारात काय निभाव लागणार? सर एकटेच राहत, स्वतः भाजी आणत. भाजीवालीला ते अक्का म्हणायचे. वांगी हातात घेऊन ते आधी अक्कांची बाजू मांडायचे. पाणी किती लांबून आणावं लागतं, निम्मा माल उन्हानं कसा सुकतो, पहाटे उठून टोपली डोक्यावर घेऊन यायचं म्हणजे काय. मग स्वतःची बाजू मांडायची वेळ आली की खिशात हात घालून अक्का सांगतील तो भाव देऊन मोकळे व्हायचे. अक्का हसून म्हणायच्या, "सर, तुम्हीच मना बाजूनं बोलतस, मंग मी काय बोलू?" सरांच्या शेजाऱ्यानं एकदा कुंपणाची भिंत त्यांच्या अंगणात हातभर आत घेतली. सर बोलायला गेले आणि शेजाऱ्याला जागा कशी अपुरी पडते ते त्यालाच इतकं छान समजावून आले की भिंत राहिली. दिवाळीच्या आधी शेजाऱ्यानं गवंडी लावून आपण होऊन ती पाडली आणि मागे घेतली. सर मला म्हणाले, "बघ, त्याला माझी बाजू सापडली. मला सापडली नव्हती." मला हसावं की डोकं आपटून घ्यावं ते कळेना.

हे सगळं दुसऱ्यांचं चाललं होतं तोवर मजा वाटत होती. मग माझ्यावर पाळी आली.

आमचं गाव साक्री तालुक्यात. घरी शेती, मिरची आणि कांदा. मी बी.ए. झाले तेव्हाच आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आता पुरे म्हणून सांगितलं होतं. मी हट्टानं धुळ्याला आले. पहिल्या वर्षाच्या मध्यावर आबांचा निरोप आला, की स्थळ बघतोय, संक्रांतीनंतर घरी ये ती कायमचीच ये. मी वर्गात रडवेली होऊन बसले होते. सरांनी कारण विचारलं आणि मी सांगितलं. वाटलं, धीर देतील, निदान आबांना दोन शब्द लिहून पाठवतील. त्यांनी फळ्याकडे बोट केलं. "इथं उभी राहा. वडिलांचा पूर्वपक्ष कर. ते इथं असते तर म्हणाले असते की हेच मला म्हणायचं होतं, इतका नीट कर."

मला इतका राग आला होता, की मी आबांची नक्कलच केली. मुलीच्या जातीनं शिकून काय दिवे लावायचेत, लोक काय म्हणतील, वगैरे. वर्ग खो खो हसला. सर हसले नाहीत. म्हणाले, "हे वडील तू तयार केलेस. खरे घेऊन ये."

रविवारी मी गावी गेले. आबा ओट्यावर बसून दोरखंड वळत होते. मी भांडायला नाही, खरंच विचारायला गेले आहे हे त्यांना पटायलाच दुपार झाली. मग ते जे बोलले ते मला स्वप्नातही सुचलं नसतं. लोकांचं काही नव्हतं. त्यांची धाकटी बहीण, माझी आत्या, धुळ्याला मॅट्रिकपर्यंत शिकली होती. शिकून आल्यावर ती भावाशी धड बोलायचीच नाही. दोन दिवस राहून निघून जायची. आबा दोरखंडाकडे बघत म्हणाले, "तू शिकशी, मोठी व्हशी. मंग घर उनी का मी तुनासंगे काय बोलू?"

सोमवारी मी वर्गात हे सांगितलं, की शिकून मोठी होऊन मी घरी आले तर माझ्याशी काय बोलायचं, हीच आबांची भीती आहे. कुणी हसलं नाही. मला पुढचं बोलता येईना, मी तिथंच तोंडाला ओढणी लावून रडले. सर म्हणाले, "हा झाला पूर्वपक्ष. याचं उत्तर वर्गात नाही. घरी जाऊन दे."

मग मी जमेल त्या रविवारी गावी जाऊन आठवडाभर शिकलेलं आबांना आपल्या अहिराणीत सांगायला लागले. त्या परक्या राजांची भांडणं, दरबारातली कारस्थानं, देवाशी हुज्जत घालणारे कवी. आबांना ते हुज्जत घालणारे फार आवडले. ते बाजू घ्यायचे, माझ्याशी वाद घालायचे, शेजारच्या काकांना बोलावून तीच गोष्ट मीठमसाला लावून सांगायचे. संक्रांत आली, गेली. स्थळाचा विषय कुणी काढला नाही. वर्ष संपताना आबा सरांना भेटायला धुळ्याला आले. कांद्याची पिशवी सरांच्या पायाशी ठेवून म्हणाले, "सर, तुम्ही मना पोरले मना बाजूनं बोलाले लावं म्हने."

सर भुसावळचे असले तरी अहिराणी झकास बोलत. "हा आबा. कशी बोलनी ती?"

"मी इतलं सुदं, इतलं नीट कधी बोलनू नही," आबा म्हणाले.

मला शिकू देणारा माणूस कोण, असं कुणी विचारलं तर मी आजही आबांचं नाव घेईन. पण आबांपर्यंत मला पोचवलं ते सरांनी, आणि त्यांचा तो चमत्कारिक विषय नसता तर आम्हा बापलेकींना बोलायला काय होतं? म्हणून पुढे जे झालं ते मला इतकं लागलं.

एम.ए. होऊन मी त्याच कॉलेजात शिकवायला लागले. नव्वदचं दशक सुरू झालं. सरांच्या खास पेपरला मुलं कमी येऊ लागली. कधी चार, कधी तीन. दुसरीकडे कॉम्प्युटरचं वारं सुटलं होतं, जळगावच्या कॉलेजांनी मोठमोठ्या पाट्या लावल्या होत्या. संस्थेनं ठरवलं, की हा जुन्या साहित्याचा पेपर आणि त्याबरोबरचा सरांचा लॅटिनचा तास बंद करायचा आणि त्या खोलीत कॉम्प्युटर बसवायचे. पण सरांचा मान मोठा. निर्णयाआधी त्यांचं म्हणणं ऐकून घ्यायला सभा बोलावली. आमच्या विभागाच्या लोकांनाही बोलावलं होतं. अध्यक्षस्थानी नाना. कापसाच्या जिनिंग फॅक्टरीचे मालक, स्वतः फार शिकलेले नव्हते, पण शिकलेल्यांबद्दल मनात आदर. सभेआधी जिन्यात ते मला हळूच म्हणाले, "सरांना सांगा, जोरात बोला म्हणावं. मला पुढच्या वर्षावर ढकलायला निमित्त पाहिजे."

म्हणजे निम्मं काम झालेलंच होतं. मी खुशीत आत गेले.

सर उठले. कोटाची बटणं लावलेली. म्हणाले, "नाना, तुम्ही कारण दिलंय की मुलं कमी आहेत. हे कारण कच्चं आहे. थोड्या मुलांना शिकवणं हा काही गुन्हा नाही. मी याहून पक्कं कारण देतो."

मी मनात म्हटलं, झालं सुरू. सवयच त्यांची. आधी पूर्वपक्ष, मग उत्तर. मी निवांत बसले.

"ही मुलं माझ्याकडे येतात तेव्हा त्यांना घरच्या बोलीची लाज नसते," सर म्हणाले. "दोन वर्षांनी त्यातल्या काहींना असते. मी त्यांना दुसऱ्यांच्या बागेतली फुलं शिकवतो. ती फुलं मीही पाहिलेली नाहीत. त्यांचं वर्णन करताना माझा गळा दाटतो आणि मुलांना वाटतं सरांनी पाहिली असतील. ही फसवणूक आहे. माझ्या हाताखालून गेलेले जे पुढे आले, ते हुशार होते म्हणून आले. माझ्यामुळे आले असं मी समजतो, कारण तसं समजायला बरं वाटतं. जे मागे पडले त्यांची मी कधी चौकशी केली नाही. मी हे इतकी वर्षं शिकवलं, कारण मला दुसरं काही येत नाही. त्यासाठी खोली कशाला अडवायची?"

सभेतली माणसं आधी माना हलवत होती. नंतर ती हलायची थांबली. एकजण चहाचा कप हातात धरून तसाच बसला होता. नाना अस्वस्थ होऊन म्हणाले, "बरं सर. हे आमचं झालं. आता तुमचं सांगा."

सर पाणी प्यायले. चष्मा काढून पुसला, परत घातला.

"माझी बाजू मी आयुष्यभर मांडत आलो, नाना. ही बाजू आज पहिल्यांदा नीट मांडली. हिला माझ्याकडे उत्तर नाही."

आणि ते खाली बसले.

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. मी शेजारच्या सहकाऱ्याकडे पाहिलं, त्याचं तोंड उघडंच होतं. नाना खुर्चीतून अर्धे उठले. "सर, असं कसं? काहीतरी बोला. दोन वाक्यं बोला. बाकी मी बघतो." ज्यांनी खोली मागितली होती तेच हात जोडून खोली वाचवायला सांगत होते. सर नुसती नकारार्थी मान हलवत राहिले.

मग मी उठले. मला परवानगी मागायचंही सुचलं नाही. मी आबांची सगळी गोष्ट सांगितली. पूर्वपक्ष, दोरखंड, रविवार, कांद्याची पिशवी, सगळं. मी म्हणाले, घरच्या बोलीची लाज वाटते म्हणता ना? मी तर हा विषय अहिराणीतच शिकले. माझा बाप आणि मी या विषयामुळे एकमेकांशी बोलायला लागलो. हा विषय गेला तर पुढच्या मुलीला तिच्या बापाशी बोलायला कोण शिकवणार? बोलताना मी रडत होते, ते मला नंतर कळलं. नानांनी चष्मा काढून डोळ्यांना रुमाल लावला होता. कुणीतरी म्हणालं, "वर्षभर थांबायला काय हरकत आहे."

तेवढ्यात सर बसल्या जागेवरून बोलले. आवाज अगदी वर्गातला. "छान बोललीस. पण तू पद्धतीबद्दल बोललीस, विषयाबद्दल नाही. बापाची बाजू मांडायला त्या कवींची गरज नाही. ही पद्धत व्यापारी इंग्रजीच्या तासालाही शिकवता येते. तुझं बोलणं लागू पडत नाही."

सभेत एकदम सगळं निवलं. नानांनी रुमाल खिशात ठेवला. सरांचंच तसं म्हणणं आहे तर आम्ही काय बोलणार, असं म्हणून ठराव एकमतानं मंजूर झाला. पेढ्यांचं ताट आलं होतं, त्याला कुणी हात लावला नाही.

माझ्या डोळ्यांसमोर काय घडलं होतं तेच मला उमगत नव्हतं. माझ्या गुरूनं मला भरसभेत पाडलं होतं, आणि स्वतःचा विषय बुडवायला पाडलं होतं. पुढे कित्येक महिने मी त्यांच्याशी कामापुरतं बोलले. ते मात्र उरलेल्या दोन मुलांना वर्ष संपेपर्यंत तितकंच मन लावून शिकवत होते. मग ती खोली गेली. सर कॉमर्सच्या मुलांना अर्ज कसा लिहावा ते शिकवू लागले आणि निवृत्त झाल्यावर जळगावला आपल्या विधवा बहिणीकडे राहायला गेले.

मी जळगावला गेले ती दोनेक वर्षांनी. परीक्षेच्या कामासाठी गेले होते. सरांना भेटायचं नाही असं ठरवून गेले आणि काम संपल्यावर पाय तिकडेच वळले. बहिणीनं दार उघडलं. आतून आवाज येत होता. पंख्याखाली बनियनवर बसून सर त्याच जुन्या कवींपैकी एकाला मोठ्यानं वाचत होते, वर्गात वाचायचे तसंच, हात हवेत वगैरे. मला काय वाटलं ते सांगता येणार नाही. मी समजत होते, यांनी ते सगळं टाकून दिलं असेल.

"तुम्ही अजून वाचता?"

"रोज," सर म्हणाले. "बस."

मी बसले नाही. "ज्याच्या बाजूनं तुमच्याकडे उत्तर नाही, ते वाचता?"

त्यांनी पुस्तक मिटलं. बहिणीला सरबत करायला सांगितलं. ती आत गेल्यावर म्हणाले, "तू येशील म्हणून थांबलो होतो. मी यायला हवं होतं, पण धीर झाला नाही. त्या सभेत तू बोललीस ते बरोबर होतं."

"मग तुम्ही मला—"

"मी दिलं ते उत्तर खोटं होतं. देताना मला माहीत होतं. पद्धत वेगळी काढता येते म्हणालो ना? नंतर कॉमर्सच्या मुलांवर ती करून पाहिली. त्या कवितांशिवाय ती मुलांच्या हाती नुसतं भांडण होऊन बसते. हे मला आधीपासून ठाऊक होतं. तुझ्या बोलण्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं."

मी समोरच्या खुर्चीत बसले. ज्या माणसानं उभ्या आयुष्यात भाजीवालीशीसुद्धा खोटा वाद घातला नाही, तो हे सांगत होता. "पण का, सर?"

"नाना रडत होता. ते सगळे हो म्हणणार होते. तुझं पटलं म्हणून नाही. तू रडलीस म्हणून, आणि मी म्हातारा झालो म्हणून. मला ते दिसलं आणि भीती वाटली. म्हणजे पुढची वर्षं लोकांच्या दयेवर तिथं उभं राहून शिकवायचं. ते मला सोसलं नसतं. म्हणून तुला पाडलं." ते थांबले. "एका रविवारी इथल्या चर्चमध्ये मी याची कबुली दिली. फादर म्हणाले, मला सांगून भागणार नाही, जिच्याशी खोटं बोललात तिला सांगा. तेवढं राहिलं होतं."

"मग आता याचा काय उपयोग?"

"काही नाही," सर म्हणाले. "खरं आहे, एवढंच."

मी फार मोठ्यानं बोलले. तुम्हाला दया नको होती, ठीक आहे, पण विषय काय तुमच्या एकट्याचा होता? तिथं बसायला येणाऱ्या मुलींचं काय? तुमच्या मानासाठी तुम्ही त्यांची खोली देऊन टाकलीत. सर मधे एकदाही बोलले नाहीत. माझं संपलं तेव्हा म्हणाले, "यालाही माझ्याकडे उत्तर नाही." या वेळी ते खरं होतं. त्यांचा चेहरा बघून ते कळत होतं. सरबत आलं, पण ते न पिताच मी निघाले.

धुळ्याच्या गाडीत एरंडोलपासून मी पदर तोंडाला लावून बसले होते. मी बरोबर होते. हे मला त्याच माणसानं सांगितलं होतं, ज्याच्याकडून ते ऐकायला मी तडफडत होते, आणि ऐकलं तेव्हा समोर ना सभा होती, ना नाना, ना ती खोली. पारोळा आलं तेव्हा शेजारच्या बाईंनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "काय व्हयनं ताई? घरमा कोनी गयं का?"

मी हो म्हणाले.